नवरीच्या खालची फरशी

ऐकायचंच असेल तर मध्ये बोलू नका.

भर दुपारची गोष्ट. बाबांनी एका लग्नाचं अख्खं मेमरी कार्ड स्वतःच्या हाताने फॉरमॅट केलं आणि खापर माझ्यावर फोडलं.

"कॉलेज सोडून बसलायस ना उंडारत? मग काढ फोटो परत. संध्याकाळी पोरीचा बाप येईल उरावर."

पुसलेला फोटो लगेच मरत नाही. कार्ड फक्त जागा रिकामी झाली म्हणतं. वर दुसरा बसेपर्यंत जुना तिथेच पडून असतो. आणि हे कार्ड बाबा वर्षानुवर्षं वापरत होते. मी आमच्या फोटो स्टुडिओचं शटर अर्धं ओढलं. कार्डाच्या कडेची बारकी कळ 'लॉक'वर सरकवली, म्हणजे त्यावर नवीन काही उतरणार नाही. मग सॉफ्टवेअर चालू केलं.

फोटो येऊ लागले. अर्धेमुर्धे. वर नवरी हसतेय, खाली… आमच्याच स्टुडिओची फरशी. निळा पडदा. एक पालथी चप्पल.

चप्पल आईची होती.

आई तीन वर्षांपूर्वी 'पळून गेली'. असं बाबा म्हणाले, आत्याने ते गावभर केलं आणि झाडून सगळ्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. तिच्या अंगावरचे वळ बघून चहा पिणारेही हेच.

पुढच्या फोटोत नवरी आक्रसली, फरशी वर सरकली. आईचे पाय. मग तिचे हात, उजव्या अंगठ्याचं नख उपटलेलं. मग तिचं फुटलेलं तोंड, आणि त्यावर लोखंडी स्टँड उगारलेले बाबा.

मानेवर गरम श्वास आला. बाबा मागेच उभे होते.

"हे… कुणी काढले?" मी विचारलं.

"कॅमेरा तर तेव्हा कपाटात होता…" ते पुटपुटले. "किल्ली माझ्याच खिशात…"

मग भानावर आले. कोपऱ्यातला तोच स्टँड उचलला.

"बंद कर ते, हरामखोरा!"

पहिल्या फटक्यात माझा खांदा गेला. दुसरा कानावर बसला. मी तोंडावर आपटलो, दात जिभेवर सुटा झाला. वर स्क्रीनवर फोटो येतच होते. आता त्यांत मी होतो. हाच शर्ट, हेच रक्त. कार्ड लॉक असताना.

बाबांनीही पाहिलं. थबकले. मी स्टँड हिसकावला.

पुढचं आठवत नाही, असं मी पोलिसांना सांगितलं. खोटं आहे. बाबा हात जोडत होते. मला थांबायचं होतं. हात थांबत नव्हते.

शेवटचा फोटो अख्खा आलाय. त्यात नवरी नाही. बाबांचं डोकं… जाऊ दे. स्टँड माझ्या दोन्ही हातांत आहे, आणि माझ्या मुठींवर आणखी दोन मुठी करकचून आवळल्यात. एका अंगठ्याला नख नाही.

फोटो आईच काढत असणार, असं मी धरून चाललो होतो.

पण तिचे दोन्ही हात तर इथे गुंतलेत.