रंगू पटेलांची दाढ

अमरावतीच्या अस्थि-प्रयोगशाळेत त्या सकाळी चहा आला, निवला आणि तसाच परत गेला. चहाकडे बघतंय कोण! टेबलावर, कापसाच्या गादीवर, रंगू पटेलांची कवटी होती.

रंगू पटेल म्हणजे मेळघाटातल्या कोरकूंचे एके काळचे गावप्रमुख. त्यांना मातीत घातल्यावर कॅप्टन पेलहॅम नावाच्या साहेबाने उकरून काढलं आणि त्यांची कवटी ‘नमुना’ म्हणून विलायतेच्या संग्रहालयात धाडली. माणसाचं डोकं, आणि म्हणे नमुना! ते सोडवून आणताना डॉ. सुखमती जांबेकरच्या नाकी नऊ आले. सुखमती स्वतः कोरकू. संग्रहालयाने तिला वर्षानुवर्षं अर्जांवर अर्ज करायला लावले होते.

आता दोन गावं म्हणत होती, पटेल आमचे. म्हणून ही तपासणी. पटेलांच्या वंशातले सुकलाल आजा ताडून बघायला आपल्या झऱ्याचं पाणी बाटलीत भरून घेऊन आले होते. गावात पटेलांच्या स्मरणाची सागाची फळी कोरून तयार होती, त्यावर घोडेस्वार, चंद्र, सूर्य. पण डोकं मातीत गेल्याशिवाय फळी उभी करायची नाही, असा आजांचा हट्ट.

आणखी एक पाहुणा एडवर्ड पेलहॅम, त्या कॅप्टनचा खापरपणतू. बिचारा माफी मागायला आला होता. सगळ्यांच्या कानात कर्णदुभाषी यंत्र होतं, त्यामुळे ज्याला त्याला आपापल्या भाषेत ऐकू येत होतं.

“दाढेला भोक पाडावं लागेल,” यंत्रतज्ज्ञ डॉ. निशिकांत ओक म्हणाले.

आजांनी मान फिरवली. एडवर्ड मात्र म्हणाला, “खुशाल पाडा. शास्त्राचं काम आहे.”

बारीक गिरमिट फिरलं. चिमूटभर भुकटी जलठसा-वाचकात गेली.

“हे ओळखतं कसं?” एडवर्डने विचारलं.

“दाताचं कवच लहानपणी तयार होतं, पुढे बदलत नाही,” ओक म्हणाले. “पोर ज्या झऱ्याचं पाणी पितं, त्या खडकातलं स्ट्रॉन्शियम कवचात कायमचं बसतं. प्रत्येक खडकाचा ठसा निराळा. आमच्याकडे जगभरच्या पाण्याचे ठसे आहेत.”

“माणूस मोठेपणी दुसरीकडे राहायला गेला तर?”

“कुठेही जाऊ दे. दाढ बालपणच सांगणार.”

यंत्राने उत्तर दिलं. ओकांनी ते पुसलं आणि पुन्हा चालवलं. पुन्हा तेच.

“अहो, बोला ना!” सुखमती म्हणाली.

“हे पाणी मेळघाटचं नाही. तिथल्या काळ्या खडकाचं नाहीच. पांढऱ्या चुनखडीचं आहे.” ओकांनी नकाशा पडद्यावर आणला. इंग्लंडच्या दक्षिणेला एक ठिपका लुकलुकत होता.

एडवर्ड खुर्चीतून अर्धवट उठला. “ते तर आमचं गाव! आमची विहीर आहे तिथे.”

मग एडवर्डनेच अडखळत सांगितलं. कॅप्टन त्याच रानात तापाने गेला होता, तिथेच पुरला होता. पुढे घरच्यांनी त्याची कवटी तेवढी मागवली. पटेलांची पेटी तोवर गोदीतच अडकली होती, आणि दोन्ही पेट्या एकाच जहाजाने गेल्या. एक चर्चच्या आवारात पुरली, एक संग्रहालयात ठेवली.

“अदलाबदल झाली,” सुखमती पुटपुटली. “अगं माय! म्हणजे इतकी वर्षं संग्रहालयाच्या कपाटात कॅप्टनच!”

“अजून एक दाढ तपासू,” ओक म्हणाले आणि त्यांनी गिरमिट उचललं. “खात्री झालेली बरी.”

“हात लावू नका!” एडवर्ड केवढ्याने तरी ओरडला. दोन्ही हातांनी त्याने कवटी झाकली. “माझे खापरपणजोबा आहेत ते! लाज नाही वाटत?”

ओकांच्या हातातलं गिरमिट तसंच राहिलं. सुखमतीला इतका संताप आला की रडूच फुटलं. मघाशी ‘खुशाल’ म्हणणारा हाच तो!

सुकलाल आजा उठले. त्यांनी खांद्यावरचं नवं धोतर काढलं, पटेलांसाठी आणलेलं, आणि कवटीवर पांघरलं.

“घेऊन जाय बापू तुह्या माणसाले,” ते म्हणाले. “आजच ने. आम्ही नाही अडवत. डोकं असं उघड्यावर ठेवू नये.”

एडवर्डने नुसते हात जोडले.

“अन् आमचा पटेल? तो तुमच्या देवळापाशी तुमच्या नावाच्या दगडाखाली हाय ना? त्याले कवा देता?”

“लगेच! म्हणजे... थडगं उघडायचं तर चर्चची परवानगी लागते. कायदा आहे. वेळ जातो. तुम्हाला रीतसर अर्ज करावा लागेल,” एडवर्ड म्हणाला आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.