पिंपळाचं पाणी

दुपारी साडेतीनला तळजाईची टेकडी चढणारा माणूस पुण्यात एक तर परगावचा असतो, नाही तर डोकं फिरलेला. समाधानराव गायकवाड दोन्ही नव्हते. उभी नोकरी त्यांनी खडकवासल्याच्या पाण्याची पातळी मोजण्यात काढली होती, आणि जे मोजता येत नाही ते त्यांच्या लेखी नव्हतंच. पण त्या वेळी फ्रान्समध्ये अकरा वाजलेले असत, आणि दर रविवारी त्यांची मुलगी दीक्षा गावामागच्या रानात फिरायला निघे. ती तिकडे चालायची, हे इकडे. मध्ये फोन.

दुसऱ्या हातात तेलाचा जुना पाच लिटरचा कॅन, पाण्याने भरलेला, मुठीला निळी चिंधी. टेकडीवर रोपं लावणारे सगळेच असं घरून पाणी वाहतात. दीक्षा परदेशी गेली त्या आठवड्यात तिच्या आईने, आम्रपालीने, वर एक पिंपळ लावला होता. "अहो, एकदा मला तिच्याकडची पानगळ दाखवा ना," ती म्हणायची. "पुढच्या वर्षी," हे म्हणायचे. अशी चार वर्षं गेली. आम्रपालीचा पासपोर्ट टपालाने आला तेव्हा तिला जाऊन अकरा दिवस झाले होते.

"जयभीम बाबा! आज पहिल्यांदाच पानांवर बर्फ धरलाय, बघा."

पडद्यावर तांबूस, ओली वाट. नागमोडी कडांच्या रुंद पानांचा खच. आणि गेल्या तीन रविवारांसारखीच, वाटेच्या टोकाला पाठमोरी बाई. एका अंगाला झुकून चालणारी. वीस पावलं होताच थांबून तिने हातातलं ओझं दुसऱ्या हातात घेतलं आणि मोकळा हात दोनदा झटकला.

आम्रपाली असाच झटकायची, पाणी वाहताना दर वीस पावलांनी. वीस पावलं त्यांनी मोजलेली होती.

पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं होतं, "पुढे कोण चाललंय गं?" दीक्षा म्हणाली होती, "कुठे? कोणीच नाही." त्यानंतर त्यांनी विषय काढला नव्हता. त्या बाईने एकदा मागे वळून बघावं, एवढंच त्यांना हवं होतं. रागाने बघितलं असतं तरी चाललं असतं.

"व्हिसाचं काय ठरवलंत?"

"इथे पिंपळाला पाणी कोण घालणार?"

"झाडाचं निमित्त पुरे झालं हं बाबा."

"जरा भरभर चाल."

"का?"

"चाल गं."

बाई जवळ आली. ओझं म्हणजे कॅन होता. मुठीला निळी चिंधी होती.

"आम्रपाली," समाधानराव म्हणाले.

"बाबा? आईला हाक मारलीत?"

बाई थांबली. तिचा खांदा वळायला लागला, आणि चित्र गोठलं.

पुन्हा हललं तेव्हा वाट रिकामी होती.

समाधानरावांनी पडद्यावरून नजर काढली. ते पिंपळापाशी पोचले होते. पाणी घालायला त्यांनी कॅन उचलला, तर तो हलका लागला. टोपण घट्ट होतं. आत थेंब नव्हता.

पिंपळाचं आळं मात्र काठोकाठ भरलेलं होतं.

"बाबा, बोला ना. येताय ना?"

"येतो," ते म्हणाले.

आळ्यातल्या पाण्यावर एक रुंद, नागमोडी कडांचं पान तरंगत होतं. त्यांनी ते उचललं. ऊन चांगलंच कडक होतं, पण पानाच्या कडेचा बर्फ अजून वितळायला लागला नव्हता.