टिक्कीचं दूध जातं कुठं?

ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला नाही, तिथंच मिनाला संशय आला.

डोंगरकड्याच्या रस्त्यावर मेंढ्या आडव्या आल्या की माणसं काय काय बोलतात, हे तिला तोंडपाठ होतं. हा मात्र इंजिन बंद करून बसला. शेवटचं लंगडं कोकरू पलीकडे जाईपर्यंत बसला, आणि वर हसला. हात कोपरापर्यंत पिवळे, नुकत्याच शिजवलेल्या हळदीचे.

"घाई न्हाई का तुमाला?" तिनंच विचारलं.

"हाय की. पण तुमच्या मेंढ्यांना न्हाई दिसत." मग रानाकडं हात करून, "हळद निघाली माझी. रान मोकळंच पडलंय. बसवता का मेंढ्या?"

शेतात मेंढ्या बसवणं या भागात नवं नाही. पंधरा-वीस दिवस कळप रानात मुक्कामाला राहतो, लेंड्या जमिनीत जिरतात, शेतकऱ्याचं खत भागतं आणि मेंढरांना पाला मिळतो. या ट्रॅक्टरवाल्या रामप्रसादनं म्हणे तीन वर्षांत रानाला खताची पिशवी दाखवली नव्हती. 'म्हणे' हे मिनाचं. ती कुणाचंही एकदम खरं धरत नसे.

तिचा कळप होता दुधाचा. चाळीस मेंढ्या तिनं एकेक पारखून ठेवल्या होत्या. त्यांच्या दुधाचा खवा करून ती रोज दुपारी स्कूटीवर वारंगा फाट्याच्या एका हॉटेलात पोचवायची. आबांना, म्हणजे वडील उत्तमरावांना, हे खूळ वाटायचं. त्यांनी बजावून ठेवलं होतं, की पाडव्याला दूध रोजचं आठ लिटर भरत असलं तर ठीक, नाही तर मेंढ्या बाजारात. पाडवा वीस दिवसांवर होता. मिनानं हो म्हटलं होतं आणि त्या दिवशी जेवली नव्हती.

रामप्रसादच्या रानात पहिल्याच संध्याकाळी एक मेंढी व्याली. जुळं झालं. एक टुणटुणीत, दुसरं काळ्या कानाचं, थंडगार. मिनानं ते रामप्रसादच्या हातात दिलं, बांधाला पुरून टाका म्हणाली, आणि चिंचेमागं जाऊन डोळे पुसून आली. कुणी पाहिलं नाही, असं तिला वाटलं.

दिवस ठरलेला होता. सकाळी कोकरं पोटभर प्यायची. दहाला मिना सगळ्या मेंढ्यांच्या सडांना शेण फासायची, म्हणजे कोकरू दिवसभर तोंड लावत नाही. संध्याकाळी सड धुऊन धार काढायची. पहिले तीन दिवस आठ लिटर भरलं. चौथ्या दिवशी पाच. मग चार.

टिक्की म्हणजे कपाळावर ठिपका असलेली, कळपातली सगळ्यात दुधाळ. तिनं कपभरसुद्धा दिलं नाही. आणि तिचे सड? लख्ख. शेणाचा मागमूस नाही. पांढऱ्या कासेवर मात्र एक पिवळं बोट उमटलेलं.

झालं. मिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रोज दुपारी हाच म्हणत होता ना, "तुमी निवांत जा फाट्यावर, मी हाय इथं"? सोबतीला असलेली सोजरा आत्या भाकर खाऊन जी आडवी व्हायची ती चारलाच उठायची. रान मोकळं, मेंढ्या मोकळ्या. आणि संध्याकाळी हाच माणूस धार काढताना समोर येऊन बसायचा. तिनं वर पाहिलं की बादलीकडे बघायचा, तिनं खाली पाहिलं की तिच्याकडे. हे खाली बघूनसुद्धा तिला कळायचं, हेच अवघड होतं.

"पोरगं चांगलं दिसून राहिलं," आत्या म्हणाली.

"दिसतंय चांगलं, तोच तर घोर हाय."

चोर आवडला तर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पाडव्याला आठ दिवस उरले आणि दूध तीन लिटरवर आलं, तेव्हा तिनं ठरवलं. दुपारी स्कूटी काढली, रस्त्यावरच्या बाभळीपर्यंत नेली, उभी केली आणि पायी मागं फिरली. हळदीच्या वाळल्या पाल्याचा मोठा ढीग होता, त्याच्याआड बसली.

रामप्रसाद आला. हातात बादली, आत पिवळं पाणी. एकेका मेंढीपाशी उकिडवा बसून त्यानं कापडानं सड पुसायला सुरुवात केली. अगदी हळू, काहीतरी पुटपुटत. एक झाली की दुसरी. मग गोठ्यातून घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि टिक्कीच्या कासेला लावलं.

मिना उठून समोर उभी राहिली. "किती लिटर नेलं आजवर?"

त्याच्या पायानं बादली कलंडली. घोंगडीतून एक काळा कान बाहेर आला.

मिना खालीच बसली.

"खड्डा खणला होता," तो चाचरत म्हणाला. "ठेवायला गेलो तर पाय हलवला ह्यानं. हळद शिजवायची चूल गरम होती, तिथं शेकलं. गाईचं दूध पचंना. टिक्की तेवढी जवळ घेती."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी चिंचेमागं रडल्या होत्या. हे जगलं नसतं, तर दुसऱ्यांदा रडल्या असत्या... मला ते बघवलं नसतं."

मिनानं तो काळा कान बोटांनी चाचपला. तरी तिनं शेवटचा संशय सोडला नाही. "ह्या वितभर जिवानं पाच लिटर पेलं? आन् चाळीस मेंढ्यांचे सड काहून धुतले?"

"शेण लागलं होतं ना समद्यांना. मला वाटलं, बसतात तिथं लागत असंल. तुमी दमून जाता, म्हणलं आपण तेवढी सफाई करावी. हळदीचं पाणी चांगलं असतं."

मिनानं मान वळवली. मागं पुसून झालेल्या मेंढ्यांखाली कोकरं गुडघे टेकून, शेपट्या हलवत, आठ लिटरचे तीन लिटर करत होती. ती हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसत होती. शेण काहून लावतात ते तिनं सांगितलं, तेव्हा रामप्रसाद कानापर्यंत लाल झाला.

दुसऱ्या दिवसापासून दूध आठ लिटर भरलं. पाडव्याच्या आदल्या दिवशी नऊ. उत्तमराव येऊन मापं बघून गेले, जाताना डबाभर खवा नेला.

कळप हलायचा दिवस आला. रामप्रसाद जाळ्या गुंडाळू लागत होता, एकच गाठ चारदा सोडत होता.

"मिना," शेवटी तो म्हणाला, "मला तू लई आवडतीस. आता कळप गेला की... पुढच्या हळदीपर्यंत मी काय करू?"

तिनं टिक्कीला ओढून आणलं. टिक्कीचं दावं त्याच्या पिवळ्या हातात दिलं. सगळ्यात दुधाळ मेंढी, जिच्यापायी तिनं त्याला चोर ठरवलं होतं.

"काळ्या कानाला हिच्याबिगर जमायचं न्हाई. राहू द्या तुमच्याकडं. धार मी येऊन काढीन रोज."

"रोज?"

"व्हय. आन् रोज यायचा कटाळा आला, तर येऊन राहीनच. आबाकडं तुमच्या घरचे कवा येणार, तेवढं सांगा."

मग कळपामागं निघाली. दहा पावलांवर वळून बघितलंच. त्याच्या दुसऱ्या हातात बादली होती.

"पाणी पाजायची हाय," तो घाईघाईनं म्हणाला. "पिवळं न्हाई, साधंच हाय."