काटे खोटं बोलतात

बंगळूरच्या जयनगरात, फोर्थ ब्लॉकमध्ये आसावरीनं दिव्यांचं बटण ओढलं आणि बाबांच्या जुन्या मॉरिस गाडीतले दोन्ही काटे पिसाळले. ऑइलच्या दाबाचा धाडकन शून्यावर, इंजिनाच्या तापमानाचा थेट तांबड्या रेघेवर! घाबरून तिनं करकचून ब्रेक दाबला... आणि मागची स्कूटर बंपरला येऊन टेकली.

"अक्का, स्वल्प नोडी!" मागून कानडीत ओरडा आला — ताई, जरा बघा!

"अक्का कोणाला म्हणता? लहान आहे मी तुमच्याहून!"

मराठी ऐकून स्कूटरवाला इतका खुलला, की भांडायचंच विसरला. "मग काय म्हणू?"

"आसावरी." म्हटलं आणि तिनं जीभ चावली. भररस्त्यात, अनोळखी माणसाला — सरळ नाव!

तो प्राणेश. निपाणीचा, इथल्या कारखान्यात इंजिनियर, जुन्या मोटारींचा वेडा. त्यानं बॉनेटवर तळवा टेकवला. "काटा म्हणतो तेवढी तापलेली नाही हो ही."

"गॅरेजवाले म्हणतात, इंजिन संपलं." ती म्हणाली. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. पुण्यात तिची नोकरी ठरली होती, पण आईचं एकच — "ह्यांची गाडी मागं टाकून मी बंगळूर सोडणार नाही."

"रविवारी बघायला येऊ?" प्राणेशनं हळूच विचारलं.

तो जे. पी. नगरला तिच्या घरी आला. पुढच्या रविवारीही आला... त्याच्याही पुढच्या. इंजिनाला स्वतःजवळचं मीटर जोडून त्यानं ऑइलचा दाब तपासला, अगदी ठणठणीत. एवढ्या कामाला इतके रविवार लागत नाहीत, हे दोघांनाही कळत होतं. बोलत कोणीच नव्हतं. तो हात पुढे करी, ती न विचारता बरोबर पाना ठेवी, आणि बोटांना बोटं लागली की दोघंही इंजिनात बघत.

शेवटी एकदा तो डॅशबोर्डखाली शिरला. "दिवे लावा... बंद करा. परत लावा. बघितलंत? दिव्याबरोबर काटे उडतात. इंजिन असं क्षणात तापतंय होय? खोटं बोलतात हे. ह्याला अर्थच नाही."

आसावरीला ते झोंबलं. "अर्थ नाही? बाबांनी हौसेनं बसवलेत ते काटे! आणि मी इतके रविवार... त्यालाही काही अर्थ नाही म्हणा ना!"

प्राणेश डोकं आपटत बाहेर आला. कपाळावर ग्रीस, डोळ्यांत गोंधळ. "अहो, अर्थ म्हणजे — अर्थिंग! काट्यांची वायर गंजलीय, बॉडीला नीट टेकत नाही!"

ती हसली. हसता हसता डोळे भरले, ते तिनं ओढणीनं पुसले.

त्यानं गंज खरवडून नवी वायर आवळली. दिवे लागले. काटे शहाण्यासारखे जागच्या जागी राहिले. आसावरीनं त्यांच्या काचेवरून बोट फिरवलं.

"पुण्यापर्यंत जाईल?"

"जाईल." तो चिंधीनं हात पुसत राहिला, पुसत राहिला.

"इंजिन गेलंय म्हणाला असतात, तर मी राहिले असते."

"रोज मनात यायचं." तो मान वर करीना. "पण तुमच्या बाबांच्या गाडीबद्दल खोटं बोलून तुम्हाला ठेवून घ्यायचं... जीभच उचलली नाही."

आसावरीसाठी, तिलाच गमावून, आजवर असं कोणी खरं बोललं नव्हतं.

"निपाणी वाटेतच लागते," तो म्हणाला. "माझ्या आईकडं जेवायला थांबा. मी कळवून ठेवतो."

"काय कळवाल? कोण येतंय?"

तो कानापर्यंत लाल झाला. "ते... तुम्ही सांगाल तसं."

तिनं दाराची मूठ घट्ट धरली. एकदाच, नीट श्वास घेतला.

"कळवा, मुलगी येतेय. आणि म्हणावं — मुलाला पसंत आहे."