आठ नंबरची ऊब

शेकोटीतलं लाकूड जरा पुढे सारा, पोरांनो. तुरिआसिंगुरा माझा मेहुणा. त्यानं हे मला सांगितलं तेव्हा तो प्यायलेला नव्हता, एवढं आधी ऐकून घ्या. गेल्या ऑगस्टातला दुसरा गुरुवार. रात्रीचे पावणेनऊ.

जंगलाला लागून वरचं लॉज आहे ना, तिथं तो कामाला. काम तसं सोपं. गोरे पाहुणे जेवायला बसले, की आठही खोल्यांत पांघरुणाखाली गरम पाण्याची रबरी बाटली ठेवून यायचं. दिवसभर गोरिलांमागे चढउतार करतात आणि रात्री त्यांचे पाय गार पडतात. कामावरचा जोडीदार आजारी, म्हणून त्याला एकोणीस दिवस सुट्टी नव्हती. खोल्या डोंगरउतारावर, पायऱ्याच पायऱ्या. सातवी खोली होईपर्यंत त्याचे गुडघे बोलायला लागले होते.

आठवी सगळ्यात खाली, झाडांत. दार वाजवलं, उत्तर नाही. आत गेला. मच्छरदाणी सोडलेली आणि आत कुणीतरी पडलेलं. बाई न जेवताच झोपली असेल, असं त्याला वाटलं. त्यानं हळूच पायथ्याशी हात घातला.

पाय लागले. ओढ्यातल्या दगडासारखे गार. चिखलानं माखलेले.

"वर सरकव रे," म्हातारा आवाज आला. "पोटऱ्यांना लाव."

त्यानं लावली. इतका दमला होता, की पाहुणी आपल्या बोलीत बोलतेय हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"दमलास, लेकरा."

"दमलोय, आजी."

"मग टेक जरा. इथं माझी चूल होती, वर झाडात मधाचं पोळं. जंगल सरकारी झालं, आम्हाला उठवलं... तेव्हापासून गारच आहे."

तो बसला. बिछाना मऊ. अंग जड. शेजारी कुणीतरी सरकून जागा केली. भीती वाटली नाही, हे तो मला अजून सांगतो. नुसती झोप. डोळे मिटले. डोकं उशीकडे झुकलं...

कमरेची वॉकी-टॉकी खरखरली. वर काउंटरवर बसणारी क्योमुहेन्दो बोलत होती.

"आठ नंबरची बाई आलीच नाही हो. खोली रिकामी आहे. बाटली परत आणा."

तो हलला नाही.

शेजारचा श्वास थांबला.

मग... अगदी हळू...

"राहू दे ना."

तो उठला. बाटली तिथंच. मागं पाहिलं नाही. पायऱ्या कशा चढला, त्याला आठवत नाही. बाटली फुटली, असं त्यानं क्योमुहेन्दोला सांगितलं. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि वहीत तसंच लिहून घेतलं.

पहाटे घरी आला. कोट काढून बायकोच्या हातात दिला आणि तसाच आडवा झाला. ती म्हणाली, खिशात काय आणलंय, हाताला चिकटतंय.

तिनं ते बाहेर काढलं. मधाच्या पोळ्याचा तुकडा होता. रानातला काळा मध.

त्यावर एक मधमाशी. जिवंत.