टाकीतलं पाणी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर मी कुणाचं हसणं ऐकून घेत नाही.

सत्त्याण्णव साली मुंबईच्या एका व्यापाऱ्याचं छोटं विमान वसईत, मिठागरालगतच्या धावपट्टीवर असायचं. उडवायचो मी, जेम्स. देखभाल माझ्या बालमित्राची, प्लासिडची. त्या दुपारी दुरुस्तीनंतर नुसती एक चक्कर मारून यायची होती. पेट्रोलात पाणी असलं की इंजिन दगा देतं, म्हणून प्लासिडनं टाकीच्या तळातून बाटलीभर पेट्रोल काढलं, उन्हात धरलं आणि नेहमीसारखं म्हणाला, "पानी नाय. चल."

त्याची आई, मटिल्डामावशी, चर्चमधून पवित्र पाणी घेऊन आली होती. आमच्याकडे नवी रिक्षासुद्धा त्याशिवाय रस्त्यावर येत नाही. तिनं चाकांवर शिंपडलं, पंख्यावर शिंपडलं. प्लासिड अवजारं ठेवायला शेडमध्ये गेला, तेव्हा ती टाकीच्या उघड्या झाकणाशी वाकलेली मला लांबून दिसली. क्रुसाची खूण करत असेल, असं वाटलं.

प्लासिड माझ्या शेजारी बसला आणि आम्ही उडालो. दोनशे फुटांवर इंजिन ठसकलं, पुन्हा ठसकलं आणि त्याचा जोरच गेला. आम्ही खाडीत पडलो. मी वाचलो, प्लासिड नाही.

दफनाच्या दिवशी मावशी माझा हात धरून म्हणाली, "टाकीत पन ओतलेलं रे मी... तरी देवानं राखला नाय."

चौकशीत पाणी निघालं. ठपका प्लासिडवर आला, तपासणी केली नाही म्हणून. तो मी येऊ दिला. मावशीला एवढंच कळलं की पोरानं कामात हयगय केली. पाण्याचं मी तिच्या कानावर पडू दिलं नाही.

दोन वर्षांनी दुसरं विमान घेऊन त्याच पट्टीवर उभा राहिलो. लोक म्हणाले, जागा वाईट आहे. म्हटलं, जागेला सांगा, जेम्स आलाय.

दोनशे फूट झाले असतील. खाडीच्या चिखलाचा वास आला. शेजारचं आसन रिकामं होतं, आणि तिथूनच कुणी हळू बोललं.

"पानी नाय, जेम्स... मी बघितलेलं..."

इंजिन ठसकलं.

"आयेला सांग ना..."

"नाही सांगणार!" मी ओरडलो. "पाड मला हवं तर! खरं कळलं तर ती एक दिवस जगायची नाही!"

इंजिन आणखी एकदा ठसकलं आणि मग सुरळीत चालू लागलं. उतरल्यावर टाकी तपासली. पाण्याचा थेंब नव्हता.

त्या रविवारी मिस्साला मावशी माझ्यापुढेच होती. चर्चच्या दाराशी तिनं पवित्र पाण्यात बोटं बुडवली, कपाळाला लावली आणि तिथंच थबकली. बोटं नाकाशी नेली. पेट्रोलचा भपकारा मला मागे उभ्या-उभ्या आला.

"जेम्स," ती माझ्याकडे वळली, "या पान्याला वास कसला रे?"

मी तिच्या डोळ्यांत डोळे घालून म्हटलं, "मला नाही येत."

तेव्हापासून दर रविवारी ती विचारते.