आठव्या फोटोतलं दार

बाबांच्या खोलीचा गोल फोटो काढायला ती आली होती खरी, पण दातओठ खात. दादाला घर विकायचं होतं, गिऱ्हाइकांना घरबसल्या सगळी खोली फिरवून दाखवायची होती आणि धाकटी बहीण नेमकी त्याच धंद्यात. आयतीच सापडली! बाबा गेल्याचं मात्र याच दादानं तिला दुसऱ्या दिवशी कळवलं होतं. "झोपेतच गेले गं, त्यांना काही कळलंसुद्धा नाही," एवढंच. तो राग ती महिनाभर मनात धरून होती.

"खोलीत थांबायचं तर माझ्या पाठीमागे राहा," ती खेकसली. "मी फिरले की तूही फिर. मध्ये आलास तर कापून टाकीन फोटोतून."

खोलीच्या मधोमध कॅमेऱ्याचा स्टँड लावून ती जागच्या जागी फिरत गेली. असे आठ फोटो घ्यायचे, प्रत्येकात आधीच्या फोटोची कड पुन्हा यायला हवी, म्हणजे नंतर ते एकमेकांना शिवता येतात. पहिल्यात दार होतं, सताड उघडं, भिंतीला टेकलेलं. फेरा पुरा झाला की आठव्यात पुन्हा तेच दार. बाबांना जाऊन महिना झाला होता, तरी खोलीला न बदललेल्या अंथरुणाचा वास येत होता.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिनं फोटो शिवायला घेतले. सगळे सांधे बिनबोभाट जुळले. आठवा आणि पहिला मात्र काही केल्या जुळेनात.

आठव्या फोटोत दार बंद होतं.

"तू लावलंस?"

"मी तुझ्या मागेच होतो की!"

तिनं फोटो मोठा केला. दाराच्या आतल्या बाजूचा रंग गुडघ्याएवढ्या उंचीवर खरवडून निघाला होता. ओरखडे नखांचे होते. तिनं वळून पाहिलं, तर दादाचा चेहरा पांढराफटक.

"दादा, खरं सांग."

"ते उठून रस्त्यावर जायचे गं... मी कामावर जाताना बाहेरून कडी लावायचो. त्या दिवशी... यायला उशीर झाला."

"आणि म्हणे झोपेत गेले!" तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "दारापाशी सापडले ना?"

त्यानं मान खाली घातली. मग एकदम उठला. "पण मी ते दार घासून रंगवलं होतं... परवाच," असं पुटपुटत तो खोलीत गेला आणि आतली बाजू बघायला त्यानं दार लोटलं.

दार लागलं ते लागलंच. आतून थापा पडायला लागल्या.

"उघड ना गं..."

ती दारापाशी गेली. बाहेरची कडी मोकळी लोंबत होती. एक हिसका देऊन पाहावा असं तिच्या मनात आलं, पण हात पुढे होईना.

"ठोक," ती म्हणाली. "हात सोलवटेपर्यंत ठोक. त्यांनीही ठोकलं असेल."

थापा वाढल्या. हळूहळू खाली सरकत तिच्या गुडघ्याच्या उंचीवर आल्या. आणि वरून, दाराच्या फटीला तोंड लावून, दादा कुजबुजला,

"अगं... हे मी नाही ठोकत."